लाइटवाले साहेब

आधार कार्डावर सांगली, गॅसचा सिलिंडर नाशिकच्या पत्त्यावर आणि मुक्काम हिंजवडीत. हुद्दा इलेक्ट्रिकल साइट इन्चार्ज, पण गवंड्यापासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणतात 'लाइटवाले साहेब'. संसार एका बॅगेत, आणि त्यातली निम्मी जागा वायरींचं इन्सुलेशन तपासायच्या मेगरने अडवलेली.

बायको फोनवर विचारते, "अहो, येताय कधी?"

"ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला की लगेच."

गेल्या दिवाळीलाही हेच उत्तर होतं. हा ट्रान्सफॉर्मर नक्की कोण, असा सासूबाईंना आता रास्त संशय येऊ लागलाय.

साहेबांना खरं पाहावं स्लॅबच्या रात्री. सिव्हिलचा कालचा पोरगा घड्याळ दाखवत असतो, "साहेब, गाडी उभी आहे, काँक्रीट सेट होईल!" आणि साहेब पोटासकट सळयांवरून उड्या मारत, बॅटरीच्या उजेडात फॅन-बॉक्स मोजत असतात. व्हायब्रेटरचा दणका बसून कुठला तरी पाइप सांध्यात निसटतो आणि आत सिमेंटचं पाणी जातं. चार महिन्यांनी वायर ओढताना इकडून घातलेली स्प्रिंग तिकडून बाहेर येतच नाही. सिव्हिलवाले म्हणतात, पाइपच टाकला नसेल. मग साहेब मोबाइल काढतात. तारीखवार फोटो! लेकीच्या वाढदिवसाचा फोटो शोधायला गेलं तरी आधी बी-विंगचा तिसरा मजला लागतो.

एसीवाल्यांशी वैर पिढीजात. केबल-ट्रेच्या जागेतून डक्ट नेऊन ते वर सांगतात, "डक्ट वळत नाही हो, केबल वळते." ३०० स्क्वेअर एमएमची आर्मर्ड केबल वळवायला आठ माणसं आणि शंभर शिव्या लागतात, त्यातल्या नव्वद एसीवाल्यांच्या नावाने जातात.

विद्युत निरीक्षकाची तपासणी जवळ आली की साहेबांचं जेवण सुटतं. त्याची सही नाही तर २२ केव्हीची लाइन घेता येत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून झालेलंच असतं, तरी रेझिस्टन्स उतरावा म्हणून पाणी सुरू. घरच्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी न घातलेला हा गृहस्थ खड्ड्यांना सकाळ-संध्याकाळ बादल्या ओततो. चाळीस अंश उन्हात. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडून.

उद्घाटनाला साहेब बेसमेंटमध्ये, डीजी सेटशेजारी. वर भाषणात आर्किटेक्टचे आभार, बिल्डरचे आभार, दगडी फरशी पुरवणाऱ्याचेसुद्धा आभार. तेवढ्यात पाहुण्यांचा माइक बंद पडला आणि साऱ्या मांडवाला एकदम लाइटवाल्यांची आठवण झाली. सिव्हिलचा तोच पोरगा धापा टाकत जिना उतरला. "साहेब, चला लवकर, माइक गेला!"

साहेबांनी पॅनेलवरचा व्होल्टेज पाहिला. ४१५. तिन्ही फेज ठणठणीत.

"माइक माझ्या स्कोपमध्ये नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या साइटसाठी नागपूरच्या गाडीचं रिझर्वेशन बघू लागले.