कॅमेऱ्यांचं वाळवण

बोरिवलीच्या पश्चिमेला गोराईची खाडी, पूर्वेला नॅशनल पार्कचं जंगल आणि मधल्या दमट हवेत आम्ही दोघं अन् माझे अकरा कॅमेरे. पावसाळ्यात पापड मऊ पडतात, चपला हिरव्या होतात आणि भिंगाला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक दिसते, पण काचेवरचा लेप खायला लागली की भिंग गेलंच.

अकरा म्हटलं की ऐकणाऱ्याला कपाट दिसतं. माझे सगळे रोलवाले, खिशात मावणारे. लाडवांच्या एका डब्यात बसतात. डबा अर्थातच माझा नव्हता. रोल फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी.

हे वेड ‘हॉट शॉट’ कॅमेऱ्यापासूनचं. जाहिरातीतलं ते ‘खटॅक’ आम्ही भावंडं तोंडानेच काढायचो, कारण रोल महाग होता.

पण जीव ऑलिंपस एक्सएवर. १९७९चं मॉडेल, मी बोरा बाजारातून जुनं उचललेलं. डिझायनर योशिहिसा मैतानींनी त्याला सरकतं झाकण दिलं, म्हणजे वेगळं पाकीट नको. लाल बटण इतकं हळवं की बोट नुसतं टेकलं तरी पुरे. मैतानी कधी विरार लोकलने गेले नसावेत. अंधेरीला गर्दी आत घुसली की खिशात झाकण सरकतं, कुणाचं तरी कोपर बटणावर येतं, आणि हा इमानी कॅमेरा उजेड कमी म्हणून पडदा दहा सेकंदांपर्यंत उघडा ठेवतो. परिणामी माझ्या प्रत्येक रोलवर छत्तिसातला एक तरी फोटो खिशातल्या काळोखाचा असतो. एकात रेल्वे पासची कड दिसते असं माझं मत. बायकोच्या मते ती झुरळाची मिशी.

पूर्वी स्टेशनबाहेर रोल धुवायला टाकला की चार दिवसांत फोटो हातात. परवा तिथल्याच एका दुकानात विचारलं, “रोल आहे का?” काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “व्हेज की पनीर?”

तर मुद्दा बुरशीचा. डब्यात सिलिका जेलचे निळे खडे ठेवतो. ओल पिऊन ते गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी एक जुनी कढई मला कायमची तोडून दिली आहे, आणि “ही परत ओट्यावर दिसली तर बघा” असा दमही. शिवाय बुरशीला ऊन सोसत नाही. म्हणून मे महिन्यात गच्चीवर साडी अंथरून बायकोचे उडदाचे पापड पसरले की त्याच साडीच्या काठाला मी झाकणं उघडून अकरा कॅमेरे मांडतो. राखणीला मी, हातात काठी. कावळे मात्र कॅमेऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

परवा संध्याकाळी साडी गोळा करता करता ती बहिणीशी फोनवर बोलत होती.

“हो गं ताई, पापड झाले. कॅमेऱ्यांना अजून एक ऊन हवंय.”