सर्व्हरकाका

कंपनीतल्या प्रत्येकाचा मेल ज्याला वाचता येतो आणि ज्यानं आजवर एकही वाचलेला नाही, असा माणूस आमच्या पुण्याच्या ऑफिसात तळमजल्यावर बसायचा. जिन्याजवळच्या काचेच्या खोलीत, एसीच्या घरघरीत, वैशाखातसुद्धा हाफ स्वेटर. सगळे त्यांना सर्व्हरकाका म्हणत.

लिनक्सवर ‘सुडो’ ही आज्ञा पहिल्यांदा दिली की यंत्र एक छोटं प्रवचन झोडतं: दुसऱ्याचा खासगीपणा जपा, टाइप करण्याआधी विचार करा, अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी. बाकीचे ॲडमिन तिकडे न बघता पासवर्ड ठोकून पुढे जातात. काकांनी ते वाचलं आणि मनावर घेतलं. पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

“मी आकार बघतो, आशय बघत नाही,” हे त्यांचं ब्रीद. डिस्क भरत आली की सूचना यायची: ‘एका कर्मचाऱ्याच्या फोल्डरात लग्नाचे ११ जीबी व्हिडिओ आहेत. ते मी पाहिलेले नाहीत.’ मग लग्नाचे हे कसं कळलं? “फोल्डरच्या नावावरून. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतोच की!”

या पत्त्यानंच एकदा घोळ केला. बॅकअपच्या लॉगमध्ये फायलींची नावं सरसर वर जात असताना ‘राजीनामा_फायनल_आता_खरंच_फायनल’ असं एक नाव काकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. सेल्समधल्या एका पोराचं. काका महिनाभर त्या पोराला टाळत जिन्यानं न जाता लिफ्टनं जायला लागले. शेवटी त्यानं राजीनामा दिला, तेव्हा काका सगळ्यांसमोर “अरेरे! अचानक?” असं इतक्या मोठ्यानं ओरडले, की त्यांना आधीपासून माहीत होतं हे शिपायालाही कळलं.

एचआरच्या मॅडमची पगाराची एक्सेल फाइल बिघडली, तेव्हा काकांची पहिली अट: “मॅडम, आधी कॉलम बारीक करा.” आकडा मावला नाही की एक्सेल तिथं #### अशी जाळी दाखवतं. त्या जाळीकडे बघत काकांनी तासाभरात फॉर्म्युला दुरुस्त केला. आपण शिकवून तयार केलेल्या पोराला आपल्याहून जास्त पगार आहे, ही बातमी कॅन्टीनमध्ये शिळी झाल्यावर काकांपर्यंत पोचली. ती फाइल ज्या सर्व्हरवर होती, त्याची किल्ली त्यांच्याच हातात!

असा माणूस दुरून आदरणीय वाटतो. रोज सोबत असला की डोकं उठतं. साहेबांचं तर फारच. एक मॅनेजर स्पर्धकाकडे गेला, तेव्हा साहेब चहा पिता पिता सहज म्हणाले, “काका, त्याचा मेलबॉक्स जरा चाळून बघा.”

“लेखी द्या. एचआरची सही हवी, आणि उघडताना त्यांचं माणूस शेजारी हवं.”

“अहो, मेल कंपनीचेच आहेत!”

“म्हणून तर कंपनीनं सही करायची.”

साहेबांनी सही केली नाही. काकांच्या बढतीच्या कागदावरही केली नाही. पुढे एकदा सर्व्हरमध्ये कुणी घुसल्याच्या खुणा दिसल्या. असले प्रकार कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेला कळवायचे, असा २०२२ पासूनचा नियम. साहेब म्हणाले, सोमवारी बघू. काकांनी मोबाइलवर टायमर लावला, तो साहेबांच्या टेबलावर उभा केला आणि समोर बसून राहिले. दोन तास उरले असताना साहेबांनी मान डोलावली.

पण काकांना हुतात्मा म्हटलेलं खपत नसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेरी चाइल्ड्सची गोष्ट ते नव्या पोरांना मुद्दाम सांगत. शहराचं नेटवर्क उत्तम चालवणारा इंजिनियर. २००८ साली वरिष्ठांनी पासवर्ड मागितले, यानं दिले नाहीत. त्यांच्या हाती नेटवर्क सुरक्षित राहणार नाही म्हणे. अटक झाली. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा पासवर्ड त्यांना मिळाले. २०१० मध्ये चार वर्षांची शिक्षा. पोरं चाइल्ड्सच्या बाजूनं. काका कपाळाला हात लावत. “अरे, नेटवर्क गावाचं! वॉचमनला मालक पसंत नाही म्हणून त्यानं किल्ल्या घरी न्यायच्या?” त्यांचे स्वतःचे पासवर्ड सीलबंद पाकिटात, अकाउंट्सच्या तिजोरीत असत. “उद्या मी पीएमटीखाली आलो तर?”

बढती अडकली तसे काका बाहेर मुलाखती देऊ लागले. दुप्पट पगार देणारी एक कंपनी ऑनलाइन जुगाराची होती. काकांनी विचारलं, रात्री तीनला सर्व्हर पडला तर काय होईल? समोरचा अभिमानानं म्हणाला, “काय सांगू! तेव्हाच तर सगळ्यात जास्त लोक खेळत असतात.” काका म्हणाले, “मग पडलेलाच बरा,” आणि उठले. ज्याच्यासाठी झोपेतून उठावंसं वाटणार नाही, तो सर्व्हर सांभाळायचा कसा, एवढाच त्यांचा सवाल. शेवटी कमी पगारावर एका धर्मादाय रुग्णालयात लागले. तिथं रात्री तीनला रक्ताचे रिपोर्ट लागतात.

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ साडेपाचला होता. जाणाऱ्याचं खातं पाच वाजता बंद व्हायला हवं, हा नियम काकांचाच. पाचच्या ठोक्याला त्यांनी स्वतःचं खातं बंद केलं. दाराचं कार्डही त्याच खात्याला जोडलेलं, आणि सर्व्हर रूममधून बाहेर पडायलाही कार्ड लागतं. काका आत, समोसे बाहेर. दाराशेजारी काच फोडून दाबायचं लाल बटण होतं. आम्ही खुणा केल्या. काका आतून ओरडले, “ते आगीसाठी आहे! आग कुठं लागलीय?”

शेवटी तिजोरी उघडली. रजिस्टरमध्ये दोन सह्या झाल्या, त्यांतली एक साहेबांची. साहेबांनी दारासमोर उभं राहून सील फोडलं, चष्मा चढवला आणि कागद डोळ्यांसमोर धरला. तेवढ्यात आतून काचेवर धडाधड थापा पडू लागल्या.

“साहेब, मोठ्यानं वाचू नका! मी आता बाहेरचा माणूस आहे!”