रक्तगट जुळला, उत्पन्नगट जुळेना

आमच्या कुंभवलीत सरकारी अर्ज भरून देणारे एक भाऊ आहेत. तारापूर एमआयडीसीला चिकटून राहिल्यामुळे दूषित पाण्यावर गावातलं पोरसुद्धा व्याख्यान देईल. भाऊंनी म्हणून दूषित रक्त हा विषय घेतला. जिल्ह्याच्या पाड्यांवर सिकलसेल आहे, रक्ताची पिशवी इथे कुणाला परकी नाही.

"रक्त चढवायचं तर आधी जागा बघावी," भाऊ म्हणाले. "सांब्याच्या लष्करी इस्पितळात 2002 साली हवाई दलातल्या एका जवानाला रक्तातून एचआयव्ही मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 1 कोटी 54 लाख 73 हजार मंजूर केले. अवघ्या 21 वर्षांत! चाईबासाला 2025 मध्ये थॅलेसेमियाच्या मुलांना तेच झालं, झारखंड सरकारने दोन-दोन लाख जाहीर केले. ब्रिटनमध्ये दूषित रक्ताने तीस हजारांवर लोक बाधित झाले. काहींना तर अमेरिकेतल्या कैद्यांच्या रक्तापासून केलेलं औषध टोचलं होतं. 2024 मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली आणि सरकारने 11.8 अब्ज पौंड बाजूला काढले."

"आणि महाराष्ट्रात?"

"नागपूरला थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं 2022 मध्ये उघड झालं. एक मूल गेलं. मानवी हक्क आयोगाने तातडीने नोटीस धाडली, मुख्य सचिवांना."

"पण रक्त तर तपासूनच देतात ना?"

"तपासतात की! नवी लागण एलायझा चाचणीतून निसटू शकते. नॅट चाचणी ती लवकर पकडते, पण ती सक्तीची नाही. महाग पडते. त्यापेक्षा संजय गांधी निराधार योजना स्वस्त."

भाऊंनी अर्ज पुढे सरकवला. एचआयव्हीबाधितांना महिना 1,500 रुपये. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. म्हणजे बापाने ठेकेदाराकडे कंपनीत दोन-तीन महिने पाळ्या केल्या, की घर श्रीमंतांत गेलं. विषाणू मात्र उत्पन्नाचा दाखला न बघता सगळ्यांना सारखाच लाभ देतो. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. आपल्या परवान्याच्या पेढीतलं रक्त पचवूनही माणूस टिकला, याचं सरकारला कौतुक असणारच.

मी अर्ज उलटसुलट पाहिला. घरात किती खाणारे, रेशनकार्ड कुठलं, रहिवास किती वर्षांचा, सगळं विचारलेलं. लागण कुणाच्या हातून झाली, हे कुठेच नाही. तहसीलदाराला जाब द्यायचा तो रुग्णाने, गरिबीचा. रक्तपेढीला अर्जाचा पत्ताही नाही.

"भाऊ, एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? 'दूषित रक्त देणाऱ्याचं नाव, त्याला परवाना देणाऱ्याचं नाव.'"

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. "वाढवतील हो. पण मग तिथे सरकारचं नाव येणार, आणि योजना फक्त निराधारांसाठी आहे."