शेळीला विचारून लावा

घरापुढं कमी देखभालीची झाडं लावायची म्हणून सल्ला मागणाऱ्या परभणीकरांचे दोन वर्ग पडतात. एकाला बाग हवी असते. दुसऱ्याने पुण्याच्या मेव्हण्याची बाग पाहिलेली असते. हे मार्गदर्शन दुसऱ्या वर्गासाठी आहे. पहिला वर्ग विचारत बसत नाही, फांदी तोडून आणतो आणि खोचतो.

‘दमट हवामानातील शोभेची झाडे’ अशी यादी हा दुसरा वर्ग खिशात बाळगतो. तीत नेचा, अँथुरियम, ऑर्किड. आपल्याकडे दमटपणा नाही असं कोण म्हणेल? आषाढात येतो, भाद्रपद सरता सरता जातो आणि तेवढ्यात भिंतीला, लोणच्याला आणि कपाटातल्या सातबाऱ्याला बुरशी लावून जातो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की दमट हवा घरात एकाच जागी मिळते, चालू कूलरच्या तोंडाशी. नेचा तिथं ठेवावा. मात्र ती जागा आधीच सासऱ्यांनी धरलेली असते.

यादी फाडून झाली की मातीकडं वळावं. गोदाकाठची भारी काळी जमीन कापसासाठी सोनं आहे. कुंपणाची भिंत आणि गुलाब या दोघांसाठी मात्र ती परीक्षा आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि चप्पल अडकेल एवढ्या भेगा पाडते. श्रावणात तिच्यात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, पानं मलूल होतात. मलूल पानं बघून घरातली प्रेमळ मंडळी आणखी दोन बादल्या ओततात. बागेतली बरीच झाडं उन्हानं जात नाहीत, या प्रेमानं जातात. म्हणून खड्ड्यात मुरूम, वाळू, शेणखत घालावं आणि झाड वीतभर उंच वरंब्यावर लावावं. जिंतूरकडच्या मुरमाड माळावर राहणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

या मातीत चुनखडी असते, सामू आठच्या आसपास. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. मग गुलाबाची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस फवारून काही दिवस बरं वाटतं. पण महिन्याला फवारणी म्हणजे देखभाल आली, आणि देखभाल आली म्हणजे आपला विषय सुटला.

आता मुख्य परीक्षक, शेळी. परभणीच्या कुठल्याही कॉलनीत फाटक उघडं राहण्याचा आणि शेळी येण्याचा मुहूर्त एकच असतो. तिनं नाकारलेलं झाड डोळे झाकून लावावं. कडुनिंब कडू म्हणून वाचेल असं समजू नका, ती तो चवीनं खाते. बोगनवेलीला काटे आहेत, पण कोवळे शेंडे तिच्या नजरेतून सुटत नाहीत. उत्तीर्ण झालेली मंडळी अशी: कण्हेर, सदाफुली, अडुळसा, रुई, सीताफळ. यातली कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी असते, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर तीही वर्ज्य. सीताफळ खडकाळ जागेत, कमी पाण्यात येतं आणि उन्हाळ्यात सगळी पानं गाळून मेल्याचं सोंग घेतं. त्या काळात त्याला उपटू नये, एवढीच त्याची देखभाल.

शेळीनंतर पहाटेची परीक्षा, फुलं वेचणाऱ्यांची. जास्वंद लावणाऱ्यानं ती दुसऱ्याच्या देवासाठी लावली आहे असं मानून घ्यावं. उरलेली पिठ्या ढेकणासाठी. गुलबक्षी या कटकटीतून मोकळी आहे, कारण ती उमलते संध्याकाळी, वेचणारे चहाला बसलेले असताना. उन्हाळ्यात वरून वाळून जाते, जमिनीतला कंद शाबूत राहतो, पहिल्या पावसाला पुन्हा डोकं वर काढते.

पाण्याचं काय? नळाला पाणी कधी सुटेल हे पाहून बाग आखू नये, मोरीचं पाणी कुठं जातं ते पाहून आखावी. सांडपाण्याच्या कडेला कर्दळ आणि अळू लावला की अंघोळ करणं हीच बागेची निगा. कुटुंब जेवढं मोठं, तेवढी कर्दळ तजेलदार.

एवढंही नको असेल, तर जिल्ह्यातलं सर्वात कमी देखभालीचं झाड लावायचीही गरज नाही. ते गाजर गवत. पाणी नको, खत नको, शेळी तोंड लावत नाही, पहाटे कुणी वेचत नाही, आणि एकेका झाडाला हजारोंनी बिया. अमेरिका खंडातून आलेलं हे गवत पन्नासच्या दशकात पुण्याजवळ नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. आमचे सगळे निकष ते पैकीच्या पैकी गुणांनी पार करतं. फक्त अंगाला खाज सुटते, दमा उसळतो. त्यामुळं फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं लागतं.

उपटायचाही कंटाळा असेल तर मेक्सिकन भुंगे. १९८३ साली ते मेक्सिकोतून बंगळुरूला आणले गेले आणि पुढे रानात सोडले गेले. गाजर गवताची पानं हेच त्यांचं जेवण. पावसाळ्यातल्या त्याच दमट हवेत ते जोमानं वाढतात आणि कोरड्या दिवसांत मातीत निजून राहतात. मालकानं तेवढं कीटकनाशक फवारू नये.