दुरुस्तीपुरती परवानगी

सरकारी नियमांत काव्य सापडतं ते बहुधा चुकूनच. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. अशा गाडीने रोजच्या कामाला रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शनाला जावं, रॅलीत मिरवावं, पेट्रोल भरायला जावं आणि दुरुस्तीला जावं. म्हणजे ऑफिसला, मंडईला, सासुरवाडीला जायची बंदी, पण आजारपणाला मुभा! ज्या अधिकाऱ्याने हे कलम लिहिलं, त्याच्या अंगणात नक्की एखादी म्हातारी गाडी उभी असणार. कारण आमच्या फियाटचाही दिनक्रम हाच आहे. दुरुस्तीला जाण्याइतपत चालती राहावी म्हणून आम्ही ती घरीच दुरुस्त करत असतो.

ही वडिलांची ‘डुक्कर फियाट’. १९५४पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागलेल्या त्या गोलमटोल फियाट अकराशेंपैकी एक. गिअरचा दांडा स्टीअरिंगला आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, त्यामुळे उतरणारा माणूस जरा पाहुणा आल्यासारखाच दिसतो. इंजिन १०८९ सीसीचं. बॉनेट उचललं की सगळं उघड्यावर, आडपडदा नाही. हा कार्बोरेटर, हा डायनामो, हा पंप आणि मधल्या फटीतून चक्क खालची जमीन. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काळ्या प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि आपण न विचारताच क्षमा मागून बॉनेट मिटतो.

रविवारी सकाळी मिस्त्री येतात. वय सत्तरीच्या पुढे, खिशात चष्मा, हातात पान्यांची पिशवी. आधी डिस्ट्रिब्यूटरची टोपी निघते. आतल्या पॉइंटांवर काजळी धरलेली असते. ती पॉलिश पेपरने हलकेच घासायची आणि दोन पॉइंटांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर ठेवायचं. सगळ्या गाडीचं चालणं त्या एवढ्याशा फटीच्या उघडझापीवर. मग टॅपेट. फिलर गेजची पोलादी पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवून मिस्त्री डोळे मिटतात. पाती ओढताना किंचित अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. तानपुऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवताना वाजवणाऱ्याचा चेहरा असाच होतो. सूर सापडला की दोघेही सारखंच ‘हं’ म्हणतात.

हे चालू असताना माणसं जमत जातात. धडधाकट गाडीपाशी कुणी थांबत नाही. उघडं बॉनेट मात्र आमंत्रणपत्रिका छापल्यासारखं काम करतं. दूध आणायला निघालेले काका पिशवीसकट तासभर थांबतात. प्रत्येकाचं निदान वेगळं. ‘कंडेन्सर गेला असेल.’ ‘छे, जेटमध्ये कचरा.’ पूर्वी घाटातही असंच व्हायचं. उन्हाळ्यात पसरणी घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी वळणावर बसकण मारी. वडील पंपावर ओलं फडकं ठेवत आणि आम्हाला दगडांवर बसवत. तेवढ्यात वरून येणारी एखादी गाडी थांबे, कुणी पाणी देई, कुणी चिवडा. महाबळेश्वरचे पॉइंट मला आता एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. पण ओल्या फडक्यातून निघणारी वाफ, खाली वाईकडे पसरलेली शेतं आणि अनोळखी बाईंनी ओंजळीत घातलेला चिवडा हे सगळं लख्ख आठवतं. गाडी चालू असती तर आम्ही त्या बाईंच्या अंगावर धूळ उडवून पुढे गेलो असतो.

सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हिंडावं लागतं. रविवार मिस्त्रींचा, म्हणून मी बुधवारी रजा टाकतो. साहेब कारण विचारतात. ‘घरातलं एक वयस्कर माणूस आजारी आहे,’ असं सांगायचा मोह मी अजून तरी आवरला आहे.

गेल्या महिन्यात मात्र आक्रीत घडलं. गाडी बरी झाली. चोक न ओढता पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि शांतपणे चालत राहिली. पुढच्या रविवारी बोलावणं नसताना मिस्त्री आले. ‘सहज आलो भाऊ, इकडून चाललो होतो.’ पान्यांची पिशवी घेऊन माणूस सहज कुठून कुठे जातो, ते मी विचारलं नाही. गाडी सुरू केली. मिस्त्री कान देऊन उभे राहिले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. काहीच सापडेना. मग फार आशेने त्यांनी विचारलं, ‘तिसरा टॅपेट किंचित वाजतोय का हो?’

मी नीट ऐकलं. काही वाजत नव्हतं.

‘वाजतोय खरा,’ मी म्हणालो आणि आत वळून दोन चहा सांगितले. नंतर आठवण झाली, दूधवाले काका येतीलच, म्हणून तीन.