आळेफाट्यापर्यंत तर जा!

नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या कांदा बाजारात शेठ लिलावाच्या पुकाराला उभे राहतात, तेव्हा कांदा नाकाशी असतो आणि मोबाइल कानाशी. "मोठा माल केरळला, मध्यम वाशीला, गोल्टी हैदराबादला," असं ते हमालांना ठणकावून सांगतात. हमाल मनावर घेत नाहीत. गाडी भरेपर्यंत केरळचं वाशी झालेलं असतं.

ड्रायव्हरला आधीच पत्ता देणं शेठना उतावीळपणाचं वाटतं. "तू आळेफाट्यापर्यंत तर जा!" हा कायमचा हुकूम. तिथून कल्याण, नाशिक, पुणे असे रस्ते फुटतात. तोवर कुठला तरी आडत्या बरा भाव सांगतोच. दक्षिणेच्या गाडीसाठी हा मान करमाळ्याला. तिथे एक ड्रायव्हर निरोपाची वाट बघत इतका बसला, की हॉटेलवाल्यानं त्याच्या नावानं उधारीचं खातंच उघडलं.

एमबीए करणारा भाचा दिवाळीला आला होता. मार्शल फिशर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९९७ साली लिहिलंय म्हणे, जसा माल तशी पुरवठा साखळी हवी. शेठ म्हणाले, "लाल कांदा आला की पळवायचा, गावरान चाळीत दाबायचा. हे तुझ्या आजीला ठाऊक होतं. फी किती भरलीस?"

७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. बातमी आली तेव्हा शेठची न्हावाशेवा बंदराकडे निघालेली गाडी माळशेजच्या अलीकडे होती. बाकीचे व्यापारी कपाळाला हात लावून बसले; शेठनी एका फोनवर ती वाशीला वळवली आणि वर ड्रायव्हरलाच झापलं, "बघ, पत्ता दिला की असं होतं!"

यात तोटा कुणाचा झाला, हे विचारायची सोय नाही. तो पुढच्या पुकारात वळता होतो. बाहेर दर पडला की शेठची बोली त्याच दिवशी खाली येते, चढला की "वरून अजून निरोप नाही." एखाद्या वक्कलाला, म्हणजे मालाच्या ढिगाला, मात्र ते मुद्दाम चढा भाव देतात. तोच पेपरात छापून येतो आणि पुढच्या बाजाराला शेवगाव-पाथर्डीकडचे ट्रॅक्टर आपण होऊन रांगेत लागतात. मालाची आवक वाढवण्याची इतकी स्वस्त युक्ती भाच्याच्या पुस्तकात नव्हती.

४ मे २०२४ ला बंदी उठली, ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ते घटत १ एप्रिल २०२५ ला शून्यावर आलं. दरवेळी शेठचा रस्ता बदलला, आडत्या बदलला; नफा जागचा हलला नाही.

कांदा विकायचा असेल तर शेठकडे खुशाल जा, पट्टी रोख देतात. फक्त पेपरातला भाव धरून घरचा हिशेब करू नका.