मागनं धर

"संध्याकाळी शिकारीला येतोस का?" असा मित्राचा फोन आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं सशाच्या आधी वनरक्षक उभा राहिला. १९७२च्या कायद्यानं सशालाही हात लावायची सोय ठेवलेली नाही. त्यात याचं गाव ढेबेवाडी खोऱ्यात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला, तो तिथून काही फार लांब नाही. मी सांगलीतला पेन्शनर; मला जामीन कोण राहणार?

"आरं, खेकडी धरायची," तो म्हणाला.

मृगाचे दोन दणके बसून गेले होते. दिवस बुडता बुडता आम्ही गावामागच्या ओढ्याला लागलो. माझ्या कपाळाला नवी कोरी बॅटरी, पायांत गमबूट, हातांत मोजे. त्याच्याकडं खताचं रिकामं पोतं आणि झाकणाला रबर लावलेली जुनी बॅटरी. पाय अनवाणी.

"उजेड पडला की ते जागीच थिजतं. पाठीच्या दोन्ही कडंला बोटं लावून मागनं धर. डेंगा फुडंच चालतो."

ऐकायला सोपं आहे. पण गढूळ पाण्यात खेकड्याचं पुढं कुठलं आणि मागं कुठलं? शिवाय ते चालतं तिरकं. तासाभरात त्याच्या पोत्यात पंधरा-वीस खेकडी खुडखुडायला लागली. मी एक गोटा आणि एक बेडूक धरला. बेडूक त्यानं सोडायला लावला. मोज्यांनी काही कळेना, म्हणून ते काढले, आणि पुढच्याच कपारीत माझी शिकार साधली. म्हणजे करंगळी सापडली.

२०१९ साली तिवऱ्याचं धरण फुटून माणसं गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला होता. त्या प्रकरणात मी खेकड्यांना केव्हाच निर्दोष सोडलंय. करंगळीचं प्रकरण वेगळं.

बोंब ऐकून मित्र आला. हात वर धरून मी नाचत होतो आणि करंगळीला लोंबकळत ती. त्यानं खालून बॅटरी मारली. पोटाच्या रुंद झाकणाआड ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत होती.

"लेकुरवाळी हाय रं," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "सोड तिला."

मी कधीच सोडली होती. ती मला सोडत नव्हती.